मीटरवर साखर आटोक्यात, मग एचबीए१सी एवढं हळू का उतरतंय?

पाऊलवाट

मधुमेहावर इथे बरेच धागे आहेत, पण मला हवं ते नेमकं सापडलं नाही म्हणून नवा काढतेय.

मला टाइप २ मधुमेह आहे. मागच्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी, टक्क्यांत) ९.८ आलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मी जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदललं, रोजचं चालणं सुरू केलं. दोनेक आठवड्यांत घरच्या ग्लुकोमीटरवर फरक दिसू लागला. आता उपाशीपोटी ११० ते १२५ असते, जेवणानंतर दोन तासांनी १५० ते १७०. क्वचित १८० च्या वर जाते. सगळं वहीत लिहून ठेवलंय.

सव्वा महिना झाल्यावर हौसेने स्वतःच लॅबमध्ये जाऊन एचबीए१सी करून आले. आलं ८.३. घरात लगेच चर्चासत्र. एक म्हणतो मीटर खोटं, दुसरा म्हणतो लॅब खोटी, तिसऱ्याला मी लपूनछपून काहीतरी खाते असा संशय! डॉक्टरांची वेळ अजून लांब आहे. रोजची साखर एवढी सुधारली असताना हा आकडा असा रेंगाळतो का?

कोरा कागद

मीटर बदला. स्ट्रिपची मुदत संपलीय का तेही बघा. आमच्याकडे हेच झालं होतं.

दशमान

मीटर बदलायच्या आधी जरा हिशेब करू. मी डॉक्टर नाही, आकड्यांत रमणारा माणूस आहे.

रक्तातलं ग्लुकोज तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला आपोआप चिकटतं. साखर जेवढी जास्त, चिकटण्याचा वेग तेवढा जास्त. आणि एकदा पक्कं चिकटलं की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणजे आज तुमची साखर अगदी आदर्श झाली तरी जुन्या दिवसांत माखलेल्या पेशी रक्तात फिरतच राहणार. त्या आपल्या आयुष्याने संपतील, नव्या कमी माखलेल्या येतील, तसा आकडा खाली येईल. इथे औषधाचं काही चालत नाही, पेशींच्या वयाचं चालतं.

आता वजन कुठल्या दिवसांना किती? कालची साखर आज जिवंत असलेल्या जवळजवळ सगळ्या पेशींनी पाहिलेली असते. शंभर दिवसांपूर्वीची साखर फक्त म्हाताऱ्या पेशींनी पाहिलेली असते, आणि त्या थोड्या असतात. त्यामुळे अलीकडच्या दिवसांना जास्त वजन. पेशी नेमक्या १२० दिवस जगतात आणि रोज सारख्याच संख्येने जन्मतात असं धरलं, तर शेवटच्या ३० दिवसांचा वाटा येतो ४४ टक्के, ६० दिवसांचा ७५ टक्के, ९० दिवसांचा ९४ टक्के. पुस्तकांत 'शेवटचा महिना अर्धा, त्याआधीचा महिना पाव, उरलेले दोन महिने पाव' असं ढोबळ सांगतात, ते याच्याशी जुळतं.

आता ताईंचा आकडा. एचबीए१सी वरून सरासरी साखर काढायचं सूत्र आहे: २८.७ ने गुणा, ४६.७ वजा करा. ९.८ म्हणजे सरासरी २३५ च्या आसपास. सध्याचे मीटरचे आकडे बघता आताची सरासरी १४० धरू, जी टिकली तर शेवटी ६.५ च्या जवळ नेते. समजा एका रात्रीत २३५ ची १४० झाली. तर एचबीए१सी असं उतरेल:

सुरुवात ९.८
३० दिवसांनी ८.४
६० दिवसांनी ७.३
९० दिवसांनी ६.७
१२० दिवसांनी ६.५

सव्वा महिन्याला या हिशेबाने ८.१ यायला हवं. तुमची साखर एका रात्रीत नाही, दोन आठवड्यांत उतरली. म्हणून ८.३. मीटर खरं, लॅब खरी, आणि लपूनछपून खाण्याचा आरोप पुराव्याअभावी रद्द.

चकवा

म्हणजे फलंदाजाच्या कारकिर्दीच्या सरासरीसारखं. दोन शतकं ठोकली तरी आधीचे भोपळे पुसले जात नाहीत.

दशमान

@चकवा, जवळपास, पण कारकिर्दीची सरासरी नको. तिच्यात पहिल्या सामन्याचा भोपळा निवृत्तीपर्यंत छळतो. इथे चार महिन्यांपूर्वीचा सामना यादीतून कायमचा बाहेर जातो, आणि कालचा डाव महिन्यापूर्वीच्या डावापेक्षा जास्त मोजला जातो.

यातून आणखी एक गंमत निघते. बरेच जण तपासणीआधी आठवडाभर फार शहाण्यासारखे वागतात. शेवटच्या सात दिवसांचा वाटा साधारण ११ टक्के. २३५ वरून १४० इतका मोठा फरक त्या एका आठवड्यात पाडला, तरी आकडा जेमतेम ०.४ ने हलेल. डॉक्टरांना फसवायला तेवढ्याने भागत नाही. पण परिणाम शून्य असतो असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

रिकामटेकडा

पण चढताना मात्र झपकन चढतं! उतरायलाच सगळे नखरे.

दशमान

गणितात चढ आणि उतार दोन्हींचा वेग सारखाच येतो. चढताना आपण वाट बघत बसलेलो नसतो, एवढाच फरक.

शेवंती

मी लॅबमध्ये काम करते म्हणून थोडं माझ्या बाजूचं सांगते.

दशमान यांचं गणित पेशी ठरल्याप्रमाणे जगतात या गृहीतावर उभं आहे. निरोगी माणसांतसुद्धा पेशींचं सरासरी वय थोडं कमीजास्त असतं. त्यामुळे दोन माणसांची खरी सरासरी साखर सारखी असूनही एचबीए१सी वेगळं येऊ शकतं. ते २८.७ वालं सूत्र ज्या अभ्यासातून आलं, त्यातच ७ टक्क्यांसमोर सरासरी १५४ लिहिलेली आहे, पण सोबत पट्टा दिलाय १२३ ते १८५ असा. एवढा रुंद! रिपोर्टवर 'अंदाजे सरासरी साखर' म्हणून जो एकच आकडा छापून येतो, त्याच्याशी मीटर तंतोतंत जुळत नाही म्हणून भांडायला येणारे लोक आम्ही रोज बघतो. (भांडण ऐकून घेणं हाही आमच्या कामाचाच भाग.)

दुसरं, यंत्राचा फरक. त्याच नमुन्यावर त्याच यंत्राने दोनदा चाचणी केली तरी एक-दोन दशांश इकडेतिकडे होतात. लॅब बदलली, पद्धत बदलली तर आणखी. म्हणून ७.२ चं ७.० झालं की पेढे वाटू नका आणि ७.४ झालं की रडूही नका. अर्ध्या टक्क्याचा बदल असेल तर तो खरा मानायचा. आणि मागोवा घ्यायचा असेल तर शक्यतो लॅब तीच ठेवा. या चाचणीला उपाशीपोटी यायची गरज नसते, हेही पुन्हा सांगते, कारण पुन्हा विचारलं जातं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पेशींचं आयुष्य ज्याने बदलतं, त्याने एचबीए१सी बदलतं, साखर तीच असली तरी. रक्त वाहून गेलं, रक्त चढवलं, पेशी लवकर फुटण्याचा आजार असला, जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलं, तर पेशी तरुण राहतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. मूत्रपिंडाच्या आजारात एरिथ्रोपोएटिनची (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शनं चालू असली तरी तेच. गरोदरपणातही तो कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, बी१२ कमी असतानाही तसंच. सिकलसेल, थॅलेसेमियासारखे हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार असतील तर काही पद्धतींत गोंधळ होतो. एचपीएलसी यंत्रावर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) आलेखात वेगळं शिखर दिसलं तर आम्ही रिपोर्टखाली टीप लिहितो. ती टीप कोणी वाचत नाही.

पाऊलवाट

दशमान, शेवंतीताई, दोघांचेही आभार. घरात तुमचा तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. आरोप मागे घेतला गेलाय.

पण शेवंतीताईंच्या तिसऱ्या मुद्द्यावर अडकले. माझं हिमोग्लोबिन तेव्हा १०.४ होतं आणि मधुमेहाच्या नव्या गोळ्यांसोबत लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या. याचा काही संबंध?

शेवंती

आहे, आणि चांगलाच आहे.

लोह कमी असताना नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि जुनी पेशी म्हणजे जास्त माखलेली पेशी. म्हणजे तुमचं ते ९.८ थोडं फुगलेलं असू शकतं. लोह सुरू झालं की हाडांच्या मज्जेतून ताज्या पेशींची लाट येते. त्या कोऱ्या असतात. साखरेत काहीही बदल न होता नुसत्या लोहाने एचबीए१सी खाली येतं. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम चालू आहेत, त्यामुळे किती घसरण साखरेमुळे आणि किती लोहामुळे हे एचबीए१सी एकट्याने सांगू शकणार नाही.

अशा वेळी आम्ही फ्रुक्टोसामाइन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन सुचवतो, अर्थात डॉक्टरांना विचारून. त्यात हिमोग्लोबिनऐवजी रक्तरसातली प्रथिनं मोजतात. अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य २० दिवसांच्या आसपास, म्हणून ही चाचणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते. साखर सुधारली की ती एचबीए१सीच्या खूप आधी खाली येते आणि रक्त कमी-जास्त असण्याशी तिचा संबंध नसतो. मात्र लघवीतून प्रथिनं जात असतील, यकृताचा आजार असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल तर तीही फसवते. निर्दोष चाचणी कुठलीच नाही.

दशमान

हे मला नवीन. म्हणजे माझा ८.१ चा अंदाज आणि प्रत्यक्षातलं ८.३ इतकं छान जुळलं, त्यात योगायोगही असू शकतो. तक्ता राहू द्या, पण त्यावर विसंबून पैज लावू नका.

साधा वैद्य

फिजिशियन आहे. धागा वाचून बरं वाटलं, बहुतेक गोष्टी बरोबर आल्यात. एक मुद्दा मात्र कोणीच काढला नाही. सगळ्यांची तक्रार 'हळू का उतरतंय' अशी आहे. मला या रुग्णात काळजी वाटली असती ती उलट कारणाने.

९.८ वरून चार महिन्यांत ६.५ म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त घसरण. ती वाईट नाही, हवीच आहे. पण बराच काळ जास्त साखरेत राहिलेल्या शरीराला एवढ्या वेगाने खाली आणताना काही गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं.

पहिली म्हणजे डोळे. १९८३ ते १९९३ दरम्यान टाइप १ च्या १४४१ रुग्णांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. एका गटाचं एचबीए१सी ७ च्या आसपास, दुसऱ्याचं ९ च्या आसपास. ज्यांच्या डोळ्यांत सुरुवातीला काहीच दोष नव्हता, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणाने पडद्याच्या आजाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. कमी माहीत असलेली गोष्ट ही की त्याच काटेकोर गटात पहिल्या वर्षात काही जणांचा पडदा आधी बिघडला. पुढे तो फरक भरून निघाला आणि दीर्घकाळात हा गट कितीतरी पुढे राहिला. पण ज्यांच्या पडद्यावर आधीच बदल आहेत आणि एचबीए१सी बरंच वर आहे, त्यांनी साखर झपाट्याने उतरवताना पडदा तपासून घ्यावा आणि पुढचे काही महिने नेत्रतज्ज्ञांच्या नजरेत राहावं. याचा अर्थ साखर उतरवू नये असा कोणी काढू नका.

याच्याशी गल्लत होते ती धूसर दिसण्याची. साखर बदलली की भिंगातल्या पाण्याचं प्रमाण बदलतं आणि चष्म्याचा नंबर तात्पुरता हलतो. ते निरुपद्रवी असतं. काही आठवडे थांबून, साखर स्थिर झाल्यावरच नवा चष्मा करावा.

दुसरी म्हणजे नसा. तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून जास्त घसरण झालेल्या काही रुग्णांत पावलांत अचानक तीव्र जळजळ, वेदना, कधी उभं राहिल्यावर रक्तदाब पडणं असं दिसतं. उपचारातून उद्भवणारा नसांचा त्रास म्हणून तो ओळखला जातो. बहुतेकांत काही महिन्यांनी ओसरतो. रुग्णाला हे आधी सांगितलेलं नसलं तर तो म्हणतो, 'साखर जास्त होती तेव्हा मी बरा होतो', आणि औषधं सोडून देतो. असे मी पाहिलेत.

तिसरी, खोटा हायपो, म्हणजे साखर फार कमी झाल्याचा भास. शरीराला २५० ची सवय लागली असेल तर ११० लाही घाम येतो, थरथर होते. अशा वेळी आधी मीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तरच ती खरी कमी साखर. साखर स्थिरावली की ही संवेदना हळूहळू जाते.

चकवा

डॉक्टरसाहेब, मग तो अमेरिकेतला अभ्यास आठवतोय ज्यात साखर फार खाली आणल्याने माणसं दगावली. तो याच घाईचा परिणाम ना?

साधा वैद्य

अॅकॉर्ड. दहा हजारांहून जास्त टाइप २ चे रुग्ण, हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असलेले. काटेकोर गटाचं लक्ष्य एचबीए१सी ६ च्या खाली. २००८ च्या सुरुवातीला तो गट मध्येच थांबवावा लागला, कारण त्यात मृत्यू जास्त झाले.

पण 'घाईने उतरवलं म्हणून' हे उत्तर नंतरच्या विश्लेषणात टिकलं नाही. काटेकोर गटात ज्यांचं एचबीए१सी पटकन खाली आलं, त्यांच्यात हा वाढीव धोका दिसला नाही. औषधं वाढवत नेऊनही ज्यांचं उतरलंच नाही, वरच अडकून राहिलं, त्यांच्यात तो दिसला. का, यावर वाद आहेत. मी यातून व्यवहारापुरतं एवढं घेतो की लक्ष्य माणसागणिक वेगळं असतं. तरुण, नुकताच निदान झालेला असेल तर ६.५ चा आग्रह धरतो. वय झालेलं आहे, हृदयविकार आहे, साखर एकदम खाली जाण्याचा इतिहास आहे, तर साडेसात-आठवर समाधान मानतो.

माळरान

टाइप १, लहानपणापासून. आता बऱ्याच वर्षांपासून दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर असतो.

सेन्सरवाल्यांचा गोंधळ वेगळाच. अॅपमध्ये जीएमआय म्हणून आकडा येतो, तो एचबीए१सीसारखाच दिसतो म्हणून लोक दोन्हींची तुलना करतात. जीएमआय फक्त सेन्सरच्या सरासरीवरून काढतात: सरासरीला ०.०२३९२ ने गुणायचं आणि ३.३१ मिळवायचे. १५४ ला तो ७.० येतो. बहुतेक वेळा मागच्या १४ दिवसांचा असतो. म्हणजे साखर नुकतीच सुधारली असेल तेव्हा जीएमआय आधी उतरणार आणि एचबीए१सी मागून रांगत येणार. बिघडली असेल तेव्हा जीएमआय आधी ओरडणार.

साखर महिनोन्महिने स्थिर असतानाही माझं एचबीए१सी जीएमआयपेक्षा जवळपास अर्ध्या टक्क्याने जास्तच येतं, दर वेळी. पूर्वी त्यावरून इन्सुलिन वाढवायचा सल्ला मिळायचा आणि मी रात्री ५५ वर उठायचो. आताच्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाले, तुझं हिमोग्लोबिन जरा जास्त माखतं, आपण सेन्सरवर चालू. ७० ते १८० च्या पट्ट्यात वेळेचा ७० टक्के भाग काढायचा आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, एवढंच बघतो.

सरासरीचा आणखी एक दोष. ६० आणि २४० मध्ये झोके घेणाऱ्याची सरासरी १५० आणि दिवसभर १५० वर असणाऱ्याचीही १५०. एचबीए१सी दोघांना सारखंच प्रमाणपत्र देतं. पहिल्या माणसाचे हाल पहिल्यालाच ठाऊक.

शेवंती

+१. शेवटचा परिच्छेद छापून लॅबच्या भिंतीवर लावावा म्हणते.

कोरा कागद

सगळं ठीक. पण एक सांगा, चार महिने नीट वागून एचबीए१सी ६.५ झालं म्हणजे पाटी कोरी झाली का? की जुनं काही राहतंच?

साधा वैद्य

एचबीए१सीची पाटी कोरी होते, शरीराची होत नाही. तांबडी पेशी १२० दिवसांत जाते. त्वचेतलं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन कित्येक वर्षं तसंच राहतं. ग्लुकोज त्यालाही चिकटतं आणि काळाबरोबर त्याचे पक्के, न सुटणारे जोड तयार होतात. ते चार महिन्यांत कुठेही जात नाहीत.

डीसीसीटी संपल्यावर दोन्ही गटांना काटेकोर उपचार शिकवले आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. काही काळातच दोन्ही गटांचं एचबीए१सी सारखं झालं, ८ च्या आसपास. तरी आधीच्या काटेकोर गटात डोळ्यांचे, मूत्रपिंडाचे, पुढे हृदयाचेही त्रास कमीच राहिले. ब्रिटनमध्ये टाइप २ वर झालेल्या यूकेपीडीएसमध्ये तर अभ्यास संपल्यावर एका वर्षातच गटांमधला फरक मिटला, आणि २००८ साली, दहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही सुरुवातीला चांगलं नियंत्रण मिळालेले लोक पुढेच होते.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लागू होते. जुनं नियंत्रण वाईट असेल तर त्याची थकबाकी काही वर्षं वसूल होते. आज चांगलं असेल तर त्याची जमा पुढची अनेक वर्षं मिळते, मधे थोडं घसरलं तरी. म्हणून निदान झाल्यानंतरची पहिली काही वर्षं मी फार महत्त्वाची मानतो.

रिकामटेकडा

अवांतर: हे साखर-हिमोग्लोबिनचं पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?

शेवंती

मधुमेहींच्या रक्तात हिमोग्लोबिनचा वेगळा पट्टा दिसतो हे १९६८ मध्ये सॅम्युअल रहबर यांनी तेहरानमध्ये नोंदवलं. ते खरं तर हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार शोधत होते. १९७६ मध्ये केनिग आणि सेरामी यांच्या गटाने पाच मधुमेहींना रुग्णालयात ठेवून साखर आटोक्यात आणली आणि एचबीए१सी त्यामागून खाली येतं हे दाखवलं. म्हणजे या धाग्याच्या प्रश्नावरच पहिला अभ्यास झालाय. निदानासाठी मात्र ही चाचणी फार उशिरा मान्य झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ ची रेषा स्वीकारली २०११ मध्ये.

पाऊलवाट

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून पडद्याची तपासणी उद्याच ठरवली. पावलांची जळजळ अजून तरी नाही. घाम येण्याचं मात्र अगदी ओळखीचं वाटलं, दुपारी व्हायचं आणि मीटर ११५ दाखवायचं.

आता शेवटचे दोन प्रश्न. पुढचं एचबीए१सी कधी करू? आणि अजून खाली आणायचं तर उपाशीपोटीच्या साखरेकडे बघू की जेवणानंतरच्या?

साधा वैद्य

दुसरा प्रश्न आधी. एचबीए१सी १० च्या वर असतं तेव्हा त्यातला मोठा भाग उपाशीपोटीच्या वाढलेल्या साखरेचा असतो. आकडा सातच्या जवळ आला की चित्र उलटतं, उरलेल्यात जेवणानंतरच्या उसळीचा वाटा मोठा होतो. तुमची उपाशीपोटीची ११० ते १२५ आहे, तिथून फार काही काढण्यासारखं उरलेलं नाही. आता जेवणानंतरचे आकडे बघा. प्रत्येक जेवणानंतर रोज नको, आठवड्यात आलटून पालटून वेगवेगळ्या जेवणानंतर बघा, म्हणजे कुठल्या जेवणाला उसळी येते ते कळेल आणि बोटंही वाचतील.

आता चाचणी. बदल चालू असताना दर तीन महिन्यांनी, स्थिर झाल्यावर वर्षातून दोनदा पुरते. मागची चाचणी सव्वा महिन्याला केलीत, ती वाया गेली असं नाही, उतार दिसला. पण मुक्कामाचा आकडा हवा असेल तर उपचार बदलल्यापासून तीन महिने पुरे झाल्यावरच करा. तुमच्या बाबतीत लोहाचा घोळ आहे, म्हणून त्या वेळी हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) सोबत करा. हिमोग्लोबिन चढत असताना एचबीए१सी ६.४ आलं आणि मीटरची सरासरी १५५ सांगत असेल, तर मी मीटरवर विश्वास ठेवीन आणि गोळी कमी करायला नकार देईन. तोपर्यंत धीर निघत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनबद्दल विचारा.

दशमान

वहीतले आकडे मला व्यक्तिगत निरोपातून पाठवलेत तर सरासरी काढून देतो. फक्त कुठला आकडा उपाशीपोटीचा आणि कुठला जेवणानंतरचा ते लिहा, नाहीतर सकाळच्याच नोंदी संख्येने जास्त असतील तर सरासरी उगाच सुंदर दिसेल.